सुरतेची तीन वाहने : गलबत, आगगाडी आणि विमान

मराठी वाचकाची सुरतेशी ओळख बहुधा दोनच सालांपुरती असते. 1664 च्या जानेवारीत आणि पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी हे शहर लुटले, एवढे सांगून आमची शालेय पुस्तके सुरतेचा निरोप घेतात. आणि नंतर 1907 साली राष्ट्रसभेत जहाल व मवाळ यांची फूट पडली तेव्हा, जणू मधली सव्वादोनशे वर्षे या शहरात काही घडलेच नाही अशा थाटात, तेथे पुन्हा एकदा क्षणभर डोकावतात. परंतु युद्धनौका, प्रवासी लोहमार्ग आणि लष्करी विमान या अर्वाचीन सत्तेच्या तीन वाहनांचा हिंदुस्थानातील इतिहास ज्याला एकाच ठिकाणी उभे राहून पाहावयाचा असेल, त्याला तापीच्या मुखापासून बिलीमोऱ्यापर्यंतच्या आणि सोनगडापासून खानदेशापर्यंतच्या या टापूइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. या तिन्ही वाहनांच्या वाट्याला येथे जे प्रसंग आले त्यांचा क्रमाने आढावा घेऊन, वाहन घडविणारा हात आणि वाहनावर हुकूम चालविणारा हात यांतील अंतराने या प्रदेशाचे भवितव्य कसे ठरविले, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम बंदराची स्थिती ध्यानात घ्यावी. सुरत हे शहर समुद्रावर नसून तापीच्या काठी, मुखापासून काही मैल आत वसलेले आहे. नदीचे पात्र गाळाने उथळ होत गेल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत, आणि मुखाच्या उत्तरेस सुवाळीच्या किनाऱ्याजवळ, वाळूच्या दांड्याआड मिळणाऱ्या खोल पाण्यात ती नांगर टाकीत. मोगल साम्राज्याचे हे मुख्य सागरी द्वार होते, हाजच्या यात्रेची जहाजे येथूनच निघत, आणि म्हणून ‘बाबुल मक्का’ असा त्याचा लौकिक होता. एवढ्या मोलाच्या बंदरात जकातीचा चोख बंदोबस्त होता, सुभेदार होता, किल्लेदार होता. नव्हते ते फक्त बादशहाचे स्वतःचे असे समर्थ आरमार. पुढच्या साऱ्या घटनांचे मूळ या एका उणिवेत आहे.

1612 सालच्या सप्टेंबरात कॅप्टन टॉमस बेस्ट याच्या हाताखालची ‘रेड ड्रॅगन’ व ‘होझियांडर’ ही इंग्रज जहाजे सुवाळीस पोहोचली, आणि नोव्हेंबरअखेरीस त्यांची पोर्तुगीजांच्या चार मोठ्या जहाजांशी व त्यांच्या सोबतच्या लहान होड्यांच्या ताफ्याशी गाठ पडली. संख्येने अधिक असलेल्या पोर्तुगीजांना या उथळ, दांड्यांनी भरलेल्या पाण्यात माघार घ्यावी लागली. किनाऱ्यावरून हा सामना पाहणाऱ्या मोगल अधिकाऱ्यांवर त्याचा जो परिणाम झाला तो कोणत्याही नजराण्याने झाला नसता, आणि लवकरच इंग्रजांना सुरतेस वखार घालण्याची परवानगी मिळाली. 1615 साली निकोलस डाउन्टन याने गोव्याच्या व्हाइसरॉयने स्वतः आणलेल्या आरमाराला याच पाण्यात थोपविले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी सुरतेस जो सशस्त्र ताफा ठेवण्यात आला, तोच पुढे ‘बॉम्बे मरीन’ या नावाने वाढला, आणि भारतीय नौदल आपल्या संघटित परंपरेचा आरंभ 1612 च्या याच आगमनापासून सांगते. म्हणजे ज्या दलाच्या पश्चिम विभागाचे मुख्य ठाणे आज मुंबईस आहे त्याचा जन्म सुरतेच्या वाळूवर झाला, आणि तोही एका परक्या व्यापारी मंडळीच्या वखारीच्या रखवालीसाठी झाला.

1664 साली महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर उघडे पडले, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणच्या खडकावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले आणि 1665 च्या आरंभी महाराज स्वतः जहाजांवर चढून बसरूरच्या मोहिमेस गेले, हा अनुक्रम तितकासा ध्यानात घेतला जात नाही. सुरतेच्या संपत्तीकडे पाहताना, ही संपत्ती ज्या वाटेने येते ती समुद्राची वाट हाती असल्याशिवाय राज्य पुरे होत नाही, हे ज्या एका हिंदी राज्यकर्त्याने त्या काळी ओळखले, तो मराठा होता. दिल्लीच्या दरबाराला मात्र हे शहाणपण उधारीवर घ्यावे लागले. जंजिऱ्याच्या सिद्दीला आरमाराचा अधिकार देऊन त्याचा तनखा सुरतेच्या महसुलातून लावून देण्यात आला. 1695 साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशहाचेच ‘गंज-ए-सवाई’ हे यात्रेचे जहाज सुरतेच्या वाटेवर लुटले. बादशहाचा क्षोभ झाला, इंग्रज वखारवाले कैदेत पडले, पण त्या क्षोभाची अखेर एवढ्यावरच झाली, की युरोपीय कंपन्यांनी आपल्या जहाजांचा पहारा यात्रेच्या ताफ्याला पुरवावा. चोर आणि चौकीदार एकाच जातीचे असले तरी चौकीदाराशिवाय भागत नव्हते.

मराठ्यांची लढाऊ जहाजे कशी होती हे येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण गनबोट म्हणून ज्या वाहनाची ख्याती एकोणिसाव्या शतकात झाली, त्यामागची कल्पना पश्चिम किनाऱ्याला नवी नव्हती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, बेताच्या बुडाचे जहाज; त्याच्या नाळेवरून पुढच्या दिशेने मारा करणाऱ्या जड तोफा असत आणि दोन्ही कुशींना हलक्या. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबरच चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे, आणि म्हणून वारा पडला असताही हालचाल करू शकणारे. खोल समुद्रातील अजस्र जहाजाला उघड्यावर गाठण्याऐवजी त्याला वारा पडलेल्या वेळी मागच्या बाजूने घेरावे, तोफांनी त्याच्या डोलकाठ्या पाडाव्यात आणि मग गलबतांतून माणसे चढवावीत, ही मराठी आरमाराचे सेनापती असलेल्या आंग्र्यांची रीत होती. उथळ पाण्यात शिरणारे छोटे जहाज आणि त्यावर त्याच्या आकारमानाला न शोभणारी मोठी तोफ, हेच गनबोटीचेही रहस्य होय.

या परंपरेची एक शाखा सुरतेच्या दक्षिणेस, बिलीमोऱ्याच्या बंदरात होती. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड हे आपले ठाणे करून सुरतेभोवतीच्या मुलखावर, म्हणजे सुरत अठ्ठाविशीच्या महालांवर, आपला अंमल बसविला, आणि पुढे त्यांच्या वंशजांनी अंबिका नदीच्या मुखाजवळ बिलीमोऱ्यास आपले आरमार ठेवले. व्यापारी शिबाडांचे रक्षण आणि किनाऱ्याची गस्त हे त्याचे काम. आंग्र्यांच्या तुलनेत ते लहान होते, आणि इतिहासकारांनी त्याची उपेक्षाच केली आहे. परंतु बडोद्याच्या राज्याला समुद्राचे भान होते याचा तो पुरावा आहे.

दुर्दैवाने ज्या काळात हे भान वाढावयाचे त्याच काळात मराठी सत्तेने स्वतःच्या समुद्री भुजेवर घाव घातला. 1756 च्या फेब्रुवारीत पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1759 च्या मार्चमध्ये, इंग्रजांनी सिद्दीच्या हातून सुरतेचा किल्ला घेतला, आणि किल्लेदारीबरोबर मोगल आरमाराचा अधिकार व त्याचा तनखाही बादशाही सनदेने कंपनीच्या पदरात पडला. पेशवे व गायकवाड हे दोघेही सुरतेच्या चौथाईचे हक्कदार होते. पण चौथाई म्हणजे उत्पन्नातला हिस्सा, आणि आरमार म्हणजे उत्पन्नाच्या उगमावरचा ताबा. हिश्शावर संतुष्ट राहणाऱ्यांच्या हातून उगम गेला, आणि 1800 साली सुरतेच्या नबाबाला पेन्शन देऊन कंपनीने शहराचा सारा कारभार आपल्याकडे घेतला, तेव्हा हिस्साही फार काळ टिकणार नाही हे निश्चित झाले.

शहराच्या ऱ्हासाची दुसरी बाजू कारागिरीची आहे. सुरतेचे पारशी सुतार जहाजबांधणीत निष्णात होते. त्यांपैकी लवजी नसरवानजी वाडिया याला कंपनीने 1736 च्या सुमारास मुंबईस नेले, आणि त्याच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. 1813 साली तेथे उतरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावरच 1842 च्या ऑगस्टमध्ये नानकिंगचा तह होऊन चीनने हाँगकाँग इंग्रजांना तोडून दिले. त्या तहाने संपलेल्या युद्धात ‘नेमेसिस’ ही लोखंडी आगबोट, अवघ्या सहा फुटांच्या आसपास पाण्यात तरणारी, चीनच्या नद्यांतून तोफा डागीत फिरली आणि गनबोट हा शब्द राजनीतीच्या परिभाषेत शिरण्याची पूर्वतयारी झाली. त्याच 1842 साली इंग्रज सरकारने सुरतेच्या आग्नेयेस असलेल्या डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलांचा पट्टा घेतला, तो तेथील सागाच्या लाकडासाठी. लाकूड डांगचे आणि सुतार सुरतेचा, पण जहाज कोणावर तोफ डागणार याचा निर्णय लंडनला होई.

आगगाडीची कथा याहून फारशी निराळी नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली उतारू गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली हे प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. पश्चिम किनाऱ्याच्या दुसऱ्या मोठ्या लोहमार्गाचा आरंभ मात्र मुंबईत झाला नाही. 1855 साली स्थापन झालेल्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सुरत, बडोदे व अहमदाबाद यांना जोडण्याचा करार केला, आणि तिचा पहिला तुकडा 10 फेब्रुवारी 1860 रोजी अंकलेश्वर ते उतराण असा एकोणतीस मैलांचा सुरू झाला. उतराण हे तापीच्या उत्तर काठावर, सुरतेच्या अगदी समोर. पुढे तापीवर पूल होऊन गाडी शहरात आली. नद्यांची मुखे ओलांडीत दक्षिणेकडे सरकत हा मार्ग 1864 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ग्रँट रोडला मिळाला.

हे साल विशेष महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापसाचा पुरवठा तुटला होता, हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि मुंबईत शेअरांचा जो उन्माद माजला त्याचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद हा जन्माने सुरतेचाच. भडोच व सुरत जिल्ह्यांतील कापूस पूर्वी होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने जात असे. आता तो मालगाडीने थेट मुंबईस जाऊ लागला, आणि सुरत बंदराचे जे काही शिल्लक होते तेही या रुळांनी ओढून नेले. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती, म्हणजे तोटा झाला तर तो हिंदी रयतेच्या साऱ्यातून भरून निघणार होता. लोहमार्गाने दुष्काळात धान्य पोहोचविले, यात्रेकरूंचे हाल कमी केले, जातिभेदाच्या भिंतींना तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तडे पाडले, हे सर्व खरे आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या मार्गाची दिशा, भाड्याचे दर आणि फौज हलविण्याची त्याची क्षमता ही सारी राज्यकर्त्यांच्या गरजेतून ठरली होती. उतारूने मात्र आपली गरज त्यात घुसविली. 1907 च्या डिसेंबरात नागपूरऐवजी सुरतेस अधिवेशन भरविण्याचे ठरले तेव्हा टिळकांसह देशभरचे प्रतिनिधी थोड्या अवधीत एका शहरी जमू शकले, ही सोय ज्या आगगाडीने केली तिच्या चालकांना ती खासच अभिप्रेत नव्हती.

लोहमार्गावर हिंदी हुकूम चालू शकतो हे दाखविण्याचे श्रेय याच टापूत गायकवाडांकडे जाते. 1862 साली खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत डभोई ते मियागाव हा अरुंद रुळांचा मार्ग झाला, हिंदुस्थानातील त्या जातीचा पहिलाच. रूळ हलके असल्याने प्रारंभी त्यावर गाडी बैल ओढीत, आणि पुढे 1873 च्या सुमारास इंजिने आली. सयाजीराव महाराजांच्या काळात 1913-14 साली बिलीमोरा ते वघई हा त्रेसष्ट किलोमीटरांचा फाटा डांगच्या इमारती लाकडासाठी घातला गेला. जेथे पूर्वी गायकवाडांचे आरमार नांगरून असे त्या बिलीमोऱ्यातून आता गायकवाडांची गाडी त्या सागाच्या रानाकडे जाऊ लागली. राज्याच्या खजिन्यातून, राज्याच्या प्रजेसाठी घातलेला लोहमार्ग, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हे.

मराठी माणसाच्या दृष्टीने त्याहूनही परिणामकारक ठरला तो तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग. एकोणिसावे शतक संपता संपता सुरतेपासून बारडोली, सोनगड, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी ठाणी घेत तो जळगावास पोहोचला आणि खानदेशचा कापूस पश्चिमेकडे वळला. कापसामागून माणसे आली. आज उधना, लिंबायत या सुरतेच्या भागांतून हिंडताना अहिराणी कानी पडते, महानगरपालिकेच्या मराठी शाळा दिसतात, यंत्रमागावर आणि कापड बाजारात कामाला असलेली खानदेशी कुटुंबे तीन-तीन पिढ्यांची भेटतात, ती या रुळांवरून आलेली आहेत. 1664 साली जे लोक घोड्यावरून आले आणि पाच दिवसांत परतले त्यांची कथा आम्हांस पाठ आहे. जे तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर आले आणि येथेच राहिले त्यांचा इतिहास मात्र अजून लिहावयाचा आहे. उधना ते जळगाव हा मार्ग दुहेरी व विद्युत्चलित होऊन 2019 साली राष्ट्रास अर्पण झाला, यावरून त्यावरील वर्दळीची कल्पना यावी.

मुंबई-सुरत प्रवासाचे स्वरूपही कालांतराने पालटले. 1937 च्या जूनमध्ये ‘फ्लाइंग राणी’ सुरू झाली, महायुद्धात ती बंद पडली, स्वातंत्र्यानंतर पुन्हा धावू लागली आणि 1979 साली तिला दुमजली डबे जोडण्यात आले. पासधारक नोकरदार व व्यापारी यांच्या या गाडीने दोन शहरांतील अंतर एका दिवसाच्या कामकाजात बसविले. युद्धाची निकड येताच उतारूंची गाडी प्रथम थांबते, हा तिच्या इतिहासातील छोटासा प्रसंग लोहमार्गाच्या दुहेरी प्रकृतीवर पुरेसा प्रकाश टाकतो.

आता तिसऱ्या वाहनाकडे वळू. विमानातून युद्धात बाँब टाकण्याचा पहिला प्रयोग 1911 च्या नोव्हेंबरात इटलीने लीबियात केला, म्हणजे जन्मानंतर आठ वर्षांतच विमान शस्त्र झाले. हिंदुस्थानात 8 ऑक्टोबर 1932 रोजी हिंदी हवाई दलाची स्थापना झाली, आणि अवघ्या एका आठवड्याने, 15 ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान घेऊन आले. टाटा घराण्याचे मूळ गाव नवसारी, तेही गायकवाडांच्याच राज्यातले. सरकारी विमान आणि व्यापारी विमान यांचा येथील जन्म इतका जवळचा आहे, की एकाचा इतिहास दुसऱ्यावाचून लिहिताच येऊ नये.

दुसऱ्या महायुद्धात बडोद्याचे नाव आकाशातही गेले. 1941 साली पुन्हा उभारलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या 124 व्या स्क्वाड्रनला, बडोदे संस्थानच्या देणगीच्या स्मरणार्थ, ‘बडोदा स्क्वाड्रन’ असे नाव मिळाले आणि त्याची स्पिटफायर विमाने युरोपच्या आकाशात लढली. ज्यांच्या पूर्वजांनी स्वतःचे आरमार ठेवले आणि स्वतःचे लोहमार्ग घातले, त्यांच्या वाट्यास या तिसऱ्या वाहनात येऊन पोहोचेपर्यंत फक्त पैसा देण्याचा आणि नाव कोरवून घेण्याचा मान उरला. बिलीमोऱ्याच्या गुराबीपासून स्पिटफायरपर्यंतच्या प्रवासात हिंदी संस्थानांची सत्ता कशी झिजत गेली, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

ही झीज भरून काढण्याचा यत्न संस्थानिकांनी नव्हे तर एका ठेकेदाराने केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत लोहमार्गाच्या ठेक्यांपासून आरंभ केला. 1919 साली ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून विलायतेस रवाना करणाऱ्या सिंधिया कंपनीच्या उभारणीत ते अग्रभागी होते. 1940 च्या डिसेंबरात त्यांनी म्हैसूर दरबाराच्या साह्याने बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. आणि 1941 साली विशाखापट्टणास जहाजांची गोदी सुरू केली. रूळ, जहाज आणि विमान ही तिन्ही वाहने एका माणसाच्या उद्योगात आली. युद्धाच्या धामधुमीत 1942 साली विमानांच्या कारखान्याची सूत्रे सरकारने आपल्या हाती घेतली, हाही या लेखाच्या सूत्राला धरूनच झालेला प्रकार. तथापि ज्ञान आणि कारखाना देशात राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर त्यावरच पुढची इमारत चढली.

स्वातंत्र्योत्तर काळाचा परामर्श थोडक्यात घेता येईल. तापीच्या मुखाशी, सुवाळीच्या शेजारी असलेल्या हजीरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तटरक्षक दलासाठी शीघ्रगती गस्तीनौका बांधल्या गेल्या. उथळ किनाऱ्यावर वेगाने फिरणाऱ्या या नौका म्हणजे गलबतांच्याच वंशातील होत. माझगाव गोदीत बांधलेली ‘सुरत’ ही विनाशिका 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात दाखल झाली, आणि तिच्या बोधचिन्हावर सुवाळीच्या दीपस्तंभाला स्थान देण्यात आले. बडोद्यास ‘सी-295’ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीचा कारखाना 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. मुंबई-अहमदाबाद अतिजलद गाडीच्या 508 किलोमीटरांच्या मार्गावर सुरत व बिलीमोरा या दोन्ही ठिकाणी स्थानके आहेत. तिन्ही वाहने पुन्हा एकदा याच पट्ट्यात एकत्र आली आहेत.

या पुनरागमनाचा आनंद मानताना जुना हिशेब विसरता कामा नये. सुरतेजवळ भांडवल होते, कारागिरी होती, व्यापार होता. तरीही शहर पडले, कारण वाहनावरचा हुकूम तिच्या हाती नव्हता, आणि ज्या सत्तांच्या हाती तो येऊ शकला असता त्यांनी चौथाईवर समाधान मानले किंवा आपसांत लढून आरमार जाळले. आज हुकूम आपला आहे. आता प्रश्न उरतो तो त्या वाहनाच्या रचनेचे ज्ञान आपले किती आणि त्यातील शेवटच्या वर्गाच्या उतारूची सोय किती, एवढाच. कारखान्यांच्या उद्घाटनांवरून नव्हे, तर या दोन कसोट्यांवरून पुढच्या प्रगतीचे मूल्यमापन व्हावे.

इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. गायकवाडांचे मोडी दप्तर बडोद्यास आहे, आणि बिलीमोऱ्याच्या आरमाराचा व संस्थानी रेल्वेचा कारभार ज्यांनी लिहून ठेवला ते कारकून आमचेच होते. मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. सुरतेच्या लुटीवर आणखी एक ग्रंथ लिहिण्यापूर्वी कोणी तरुण संशोधकाने हे रुमाल सोडून वाचावेत, आणि त्याबरोबरच खानदेशातून सुरतेस आलेल्या जुन्या पिढीच्या आठवणी ती पिढी हयात आहे तोवर टिपून घ्याव्यात.